मंगळवारचा पाऊस

पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात कोळ्याचं जाळं होतं आणि ते कुठेही फाटलेलं नव्हतं.

दमयंतीने तारेच्या कुंपणातूनच ते पाहिलं. फाटकाला कुलूप होतं. नोंदी घेणारा गोरक्षनाथ आषाढात वारला. तेव्हापासून किल्ली सापडत नव्हती आणि खडकवाडीचा पाऊस कोणी मोजला नव्हता.

“जाळं काय, एका रात्रीतही होतं,” अव्वल कारकून हेमचंद्र म्हणाला. “शेजारच्या तीन गावांची सरासरी काढायची, ती इथे लावायची. पुरवठा खात्याने तुम्हाला त्यासाठीच नेमलंय, बाई. किती दिवस लांबवणार? किती लिहू?”

दमयंतीने शेजारच्या गावांच्या नोंदी पुन्हा चाळल्या. तिन्ही गावांत श्रावण चांगला बरसला होता. दर मंगळवारी सकाळी मापात अडीच-तीन इंच पाणी, एरवी कोरडं. म्हणजे सोमवारी पडत असणार. तिन्हीकडचे आकडे एकमेकांना इतके धरून होते, की खोट काढायला जागाच नव्हती. युद्ध संपलं तरी लेव्ही, म्हणजे पावसाच्या आकड्यावर ठरणारी सक्तीची धान्यवसुली, चालूच होती. ही सरासरी लावली, की खडकवाडीला बाजरी पुरी भरावी लागणार होती.

खडकवाडीच्या आबासाहेब पाटलांनी शेतातून उपटून आणलेलं बाजरीचं करपलेलं ताट तिच्या पायाशी फेकलं.

“हे बघा! पोरांच्या तोंडची भाकर न्यायला कागदावर पाऊस पाडता व्हय?”

“पीक बघून ठरवायची मला मुभा नाही. आकडा लागतो.”

“शेजारी लगीन झालं, की आमच्यात पाळना हलतो का वो बाई?”

माणसं फिदीफिदी हसली. हेमचंद्रही हसला. प्यायला पाणी कोणी विचारलं नाही.

“शेजारचं माप मला स्वतः बघायचंय,” दमयंती म्हणाली आणि हेमचंद्रला घेऊन टांग्यात बसली.

पलीकडच्या गावात पोचेतो ऊन कललं होतं. सोमवार होता, आभाळात ढगाचा मागमूस नव्हता. इथलं फाटक सताड उघडं होतं. नरसाळ्याला हळदकुंकू, काठावर बेलाचं पान. कडूबाई नावाची एक म्हातारी तिथे वाकली होती.

“मावशी, काय करताय?”

कडूबाईने तांब्या पुरता उपडा केला आणि पदराला हात पुसले.

“श्रावनी सोमवार न्हवं का! पिंडीवर घालतो तसं ह्याच्यावरबी घालतो. सरकारचा पाऊस ह्याच्यातच येतो म्हंत्यात. तिन्ही गावच्या बाया घालत्यात, पर एक थेंब पडंल तर शपथ. खडकवाडीच्या बायांना तर कुलपापायी एवढंबी जमत न्हाई.”

हेमचंद्रच्या हातातली पेन्सिल अधांतरी राहिली.

“बाई... किती लिहू?”

“शून्य,” दमयंती म्हणाली. “चारही गावांना.”