हर्षल अजून आत आहे

मनकर्णाबाईंनी दोन बोटांनी कळा दाबून पडद्यावरची खिडकी पालटली, मग मोठी कळ दाबली. काळ्या पडद्याच्या तळाशी घड्याळाची बारीक खूण आली, गेली. मग दुसरी खिडकी. मग तिसरी. पुन्हा पहिली.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. हा लॅपटॉप मात्र कालपासून डोळा मिटायला तयार नव्हता. मिटू देतं कोण? मोताळ्याच्या घरात बसून त्यांचा हर्षल पुण्याच्या कंपनीचं काम करायचा. तिथल्या मोठ्या मशीनचा स्वभाव तुसडा. थोडा वेळ कोणी हात लावला नाही, की आतल्या माणसाला सरळ बाहेर काढायचं. म्हणून जेवायला उठताना तो आईला इथं बसवायचा. काल ताट वाढलेलं असताना दही आणायला निघाला, तेव्हाही म्हणाला, "माय, मी येईपर्यंत एकही खिडकी बंद होऊ देऊ नको." मलकापूर रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. चौघांच्या खांद्यावर त्याला नेलं, पण हे काम आता थांबव, असं मनकर्णाबाईंना कोणी सांगितलंच नाही.

"आत्याबाई, उठा आता," सून जयमाला फोन घेऊन आली. "ह्यांच्या कंपनीचे साहेब हायेत."

साहेब चाचरत बोलले. "काकू, बोलायला जीभ रेटत नाही. पण हर्षल अजून सिस्टीममध्ये आत दिसतोय. त्यानं उघडलेली फाईल दुसऱ्या कोणाला उघडता येत नाही. आम्ही इथून बाहेर काढलं, तर त्याचं कालचं काम पुसलं जाईल. तुम्हीच नीट बंद कराल का?"

"तुमच्याकडे दिसून राह्यला तो?"

"हो. नाव दिसतंय."

"मग राहू द्या ना, साहेब. इथं तर मले कुठीच दिसून नाही राह्यला."

काम पुसलं जाईल, एवढं मात्र मनकर्णाबाईंच्या मनात रुतलं. लेकराच्या हातचं शेवटचं तेवढंच उरलेलं, तेही जाऊ द्यायचं?

"कोनती कळ दाबू, दाखव," त्या जयमालाला म्हणाल्या.

साहेबांनी सांगितली, जयमालानं बोट ठेवून दाखवली. पहिली खिडकी गेली. दुसरी गेली. तिसरीला त्यांचं बोट कळेवर नुसतंच टेकून राहिलं. जयमालानं तोंड फिरवलं. मग त्यांनी कळ दाबली.

"सगळं नीट जपलं गेलं, काकू," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "निघाला तो. आता दिसत नाही."

मनकर्णाबाईंनी लॅपटॉप मिटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. कालपासून त्या रडल्या नव्हत्या.

"उपाशीच गेला हो, साहेब."