उशाखालची चिठ्ठी

मैद्याची खळ वाळेपर्यंत बेकरीवाल्याने चिठ्ठीच्या कडेवर अंगठा दाबून धरला. चिठ्ठी म्हणजे पावाच्या तपकिरी पिशवीचा फाडलेला तुकडा. त्यावर त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या. ‘प्रभू, भावाला भेटायला जाऊ का? जायचं असेल, तर आधी त्याच्याकडून एक शब्द येऊ दे.’

“एवढ्या वेळात तुम्ही जाऊन परत आला असतात,” बायको पाव भरता भरता म्हणाली.

त्यात खोटं काही नव्हतं. धाकट्याची खोली दोन गल्ल्या सोडून होती. ती टाळायला बेकरीवाला पाच वर्षं लांबच्या रस्त्याने चर्चला जात होता.

“भाऊ आजारी आहे. त्यात प्रभूला विचारायचं काय?”

“आपल्या मनाने गेलो तर चूक होईल,” तो म्हणाला आणि चिठ्ठी खिशात टाकून चर्चला निघाला.

भट्टी किती तापली आहे ते नुसता हात धरून सांगणारा हा माणूस, पण स्वतःच्या मनाचा अंदाज त्याला कधी आला नाही. खरं तर तो घाबरला होता. आपण दारात उभं राहावं आणि धाकट्याने भिंतीकडे तोंड फिरवावं, ही ती भीती. ती त्याने बायकोला सांगितली नाही, प्रार्थनेतही धड सांगितली नाही.

त्यांच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. ज्याला काही अडचण असेल त्याने चिठ्ठी लिहायची, नाव न घालता चिकटवायची आणि पेटीत टाकायची. उपासना संपली की पेटी सांभाळणारी मावशी ती जोरात हलवायची. ज्याच्या हाताला जी लागेल ती त्याने घरी न्यायची, उशाखाली ठेवायची आणि त्या अनोळखी माणसाचं काम झालं असं मनाला वाटेपर्यंत त्याच्यासाठी प्रार्थना करायची. अंथरुणाला खिळलेल्यांना मावशी घरपोच चिठ्ठी द्यायची. पडल्या पडल्या त्यांना दुसरं काम काय, असं ती म्हणे. नियम एकच होता. चिठ्ठी उघडायची नाही, वाचायचं काम देवाचं.

दहा वर्षांचा असताना धाकट्याने एक उघडली होती. थोरल्याने त्याच्या कानाखाली असा आवाज काढला होता की पाळकसुद्धा उपदेश थांबवून बघायला लागले. वडील नव्हते, वाढवणारा थोरलाच होता. त्या दिवसानंतर धाकट्याने त्याचं काही म्हणून ऐकलं नाही, पिठात मीठ किती घालायचं इथपासून.

शेवटचं भांडणही तशातूनच झालं. एका हॉटेलला रोज पाव पुरवायचे होते. थोरल्याने आठ दिवस प्रार्थना करायची ठरवलं आणि धाकटा दुसऱ्याच दिवशी होकार देऊन आला.

“विचारायला हवं होतंस.”

“कुणाला, तुला?”

“प्रभूला.”

“दादा, देवानं डोकं दिलंय ते काय नुसती टोपी घालायला?”

थोरल्याने हात पुढे करून दुकानाची किल्ली मागितली. धाकट्याने ती पिठाच्या परातीत टाकली आणि तो निघून गेला. किल्ली मागण्याआधी मात्र थोरल्याने प्रार्थना केली नव्हती. हे त्याला फार उशिरा सुचलं.

आता धाकट्याची फुप्फुसं निकामी होत चालली होती. मावशी दर रविवारी त्याला बघून यायची आणि सोमवारी पाव घ्यायला आली की सांगायची. आज दोन घास खाल्ले, आज बसवलं, आज बसवत नाही.

“काही निरोप?” बेकरीवाला पाव मोजता मोजता विचारायचा.

“नाही रे बाबा.”

तो मान हलवायचा. पहाटे भट्टी पेटवण्याआधी गुडघे टेकायचा आणि तोच एक शब्द मागायचा. शब्द येत नव्हता. प्रभूचा नकार आहे, असं तो बायकोला सांगायचा. बायको पिशव्या जरा जोरात आपटायची.

असे आठ सोमवार गेले. मग त्याच आठवड्यात मावशी गुरुवारी पुन्हा आली आणि तिने पाव मागितले नाहीत.

दफन झाल्यावर खोली रिकामी करायला तो गेला. दार नुसतं लोटलेलं होतं आणि त्याला कडीच नव्हती. खिळ्याला बेकरीची पांढरी टोपी अडकवलेली होती, स्वच्छ धुतलेली. ती बघून त्याला पहिल्यांदा रडू आलं. शब्द कशाला हवा होता, असं तो स्वतःशीच म्हणाला, पण आता म्हणून उपयोग नव्हता.

मावशी अंथरूण गुंडाळत होती. तिने उशी उचलली तशी एक चिठ्ठी खाली पडली. तिने ती त्याच्या हातात दिली.

“ही पेटीत टाक परत. सात रविवार दुसरी घे म्हणून मागे लागले, पण सोडेना. म्हणायचा, या माणसाचं काम अजून झालेलं दिसत नाही.”

त्याने चिठ्ठी उजेडात धरली. कागद तपकिरी होता. कडेला वाळून कडक झालेली खळ होती, अंगठ्याचा ठसा उमटलेली, कुठेही न तुटलेली.

“मीच एकदा गमतीनं म्हटलं,” मावशी उशीचा अभ्रा काढता काढता सांगत होती, “एवढा जीव टांगणीला लागलाय तर उघडून बघ, मी नाही कुणाला सांगणार. तर हसला. म्हणाला, नको मावशी. दादाला कळलं तर कानाखाली आवाज काढेल.”