किटलीभर पाणी

“मग सरांनी किटली उचलली,” कानाए वाचत होती, “आणि म्हणाले, अरे, आधी घोटभर पाणी पी. बास्केटबॉल कुठे पळून चाललाय?”

समोरच्या पानावर सरांनी किटलीला लाथ मारली होती. पाणी लाकडी मैदानभर पसरलं होतं आणि सरांच्या तोंडाशी लिहिलं होतं, ‘पाणी मागतो तो कच्चा.’

“प्यायला का?” आजोबांनी विचारलं.

“प्यायला की. दोन पेले.”

“बरं झालं,” आजोबा म्हणाले आणि बोटाने कान चोळत बसले. हा पहिला भाग त्यांनी आज चौथ्यांदा वाचून घेतला होता.

कुरोइवा आजोबांची नजर जाऊन चार वर्षं झाली होती. त्याआधी तीस वर्षं त्यांनी अकितातल्या या गावच्या हायस्कुलात बास्केटबॉल शिकवला. त्यांचा जुना विद्यार्थी सेगावा आता टोकियोत मांगा काढायचा. हायस्कूलच्या बास्केटबॉल संघावरची त्याची ‘अकरा नंबर’ ही चित्रकथा दर गुरुवारी साप्ताहिकात यायची आणि पोरं तिच्यावर तुटून पडायची. कथेतल्या सरांचं नाव इवाता होतं. पण गळ्यातली लाल दोरीची शिट्टी आणि कान चोळायची खोड आजोबांचीच होती. गावात हे शेंबड्या पोरालाही कळायचं, फक्त आजोबांसमोर कुणी बोलायचं नाही.

कथेत अकरा नंबरचा तात्सुओ पहिल्याच भागात ऑगस्टच्या उकाड्यात पाण्यावाचून कोसळतो आणि मरतो. बाकीचा संघ त्याचा शर्ट बाकावर ठेवून पुढचे सामने खेळतो.

कानाएला आजोबांनीच लहानाचं मोठं केलं होतं. त्यांचा चढलेला आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. त्या माणसाबद्दल असलं काही छापून यावं, याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कथा सुरू व्हायच्या दोन महिने आधी सेगावा मिठाईचा डबा घेऊन घरी आला होता. दार लावून तासभर आजोबांशी बोलला, चहाला शिवलाही नाही आणि रडून लाल झालेल्या डोळ्यांनी निघून गेला. तेव्हा तिला वाटलं होतं, गुरूवर किती माया. आता वाटत होतं, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा.

म्हणून तिने तात्सुओला मरूच दिलं नाही.

हे काम सोपं नव्हतं. मेलेल्या पोराला दर गुरुवारी मैदानात उतरवायचं, त्याला चेंडू द्यायचा, बोलतं ठेवायचं. कानाए गावच्या ग्रंथालयात कामाला होती, पण बास्केटबॉलचं तिला ओ की ठो कळत नव्हतं. एकदा तिने तात्सुओला एका फेकीत पाच गुण देऊन टाकले.

“तीनच्या वर मिळत नाहीत,” आजोबा म्हणाले.

“छापताना चूक झाली असेल.”

“असेल. पण टाकला कसा? नीट सांग. डावा पाय पुढे होता ना?”

“डावाच होता,” कानाए म्हणाली. आजोबा मान हलवत राहिले.

म्हातारपणी माणूस हळवा होतो, कानाए स्वतःला समजवायची. विसरतोही. रोज सकाळी आजोबा चाचपडत घरातल्या पितरांच्या वेदीपाशी जायचे आणि आजीच्या फोटोपुढे पाण्याची वाटी ठेवायचे. एकीच्या जागी दोन ठेवायचे. दिसत नाही, मोजायला चुकतात. दुसरी वाटी ती गुपचूप मोरीत ओतायची.

मग बातमी आली की ‘अकरा नंबर’ची अॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, निघाली आहे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, टीव्हीवर. कागदाला तोंड नसतं, टीव्हीला असतं. शुक्रवारीच कानाएने टीव्हीची वायर मागून ओढून ठेवली आणि सेट बिघडल्याचं सांगून टाकलं.

रविवारी पावणेपाचला आजोबा टीव्हीसमोर येऊन बसले.

“वायर लाव.”

“आजोबा, सेट बिघडलाय.”

“परवा तू ओढलीस. डोळे गेलेत माझे, कान नाहीत.”

तिने वायर लावली. दुसरं करणार काय?

बूट करकरले, चेंडू आपटू लागला. कुणीतरी धापा टाकत पाणी मागितलं. मग किटली खणखणत गेली आणि एक जाड आवाज म्हणाला, “पाणी मागतो तो कच्चा.” थोड्या वेळाने धप्प झालं. पोरं “तात्सुओ, तात्सुओ” करत राहिली.

कानाएने टीव्ही बंद केला.

“सगळं खोटं आहे, आजोबा. सेगावाने तुमच्या तोंडाला काळं फासलंय. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.”

“वाक्य बरोबर आहे,” आजोबा म्हणाले. “माझा आवाज याहून कडक होता.”

कानाए त्यांच्यासमोर येऊन बसली.

“सेगावा त्या दिवशी विचारायलाच आला होता. म्हणाला, सर, आपल्या संघातल्या मिनोवाचं काढू का? मी म्हटलं, काढ. नाव तेवढं बदल, बाकी काही बदलू नकोस.”

वेदीवर दोन वाट्या होत्या. आजची दुसरी वाटी ओतायची तिच्याकडून राहून गेली होती.

“तुम्हाला सगळं माहीत होतं,” कानाए म्हणाली. “मग दर गुरुवारी माझ्याकडून कशाला वाचून घेत होतात?”

“सेगावाच्या कथेत मिनोवा पहिल्याच भागात मरतो,” आजोबा म्हणाले. “तुझ्या कथेत तो परवा कप्तान झाला.”