कोमट पाणी

चातुर्मासात पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. देवांना स्नान घालत होते, तेवढ्यात आमचे हे केतकीचे मेकअपचे ब्रश घेऊन ओट्याशी आले. लेक अंघोळीला गेली होती. संध्याकाळी मंगळागौरीसाठी एका नव्या नवरीला केतकी सजवणार होती, तिचं हे पहिलंच काम. आमच्या गावात असले ब्रश मिळत नाहीत, पुण्याहून मागवलेले. पूजा उरकली की मीच ते धुणार होते.

"तुझं आवरेपर्यंत मी धुतो," म्हणत ह्यांनी ब्रश पातेल्यात टाकले आणि चहाचं उकळतं पाणी त्यांवर ओतलं.

केतकीनं मला बजावलं होतं, "आई, पाणी कोमटच घे. कढत पाण्यानं आतला गोंद सुटतो." मी दोन्ही हातांनी नको नको केलं.

"साबण राहिला होय? घालतो की."

मी पातेल्याकडे बोट दाखवलं.

"अजून गरम? बरं." ह्यांनी पातेलं गॅसवर चढवलं. वर हसून म्हणाले, "मौनात तुझ्या सूचना फार वाढतात."

शेवटी माझं मौन मोडलं. "अहो, काढा ते बाहेर."

ह्यांनी घाईनं ब्रश उचलले. जाड ब्रशांच्या नुसत्या दांड्या हातात आल्या, केस पाण्यावर तरंगत राहिले.

"आधी बोलायचं ना गं," हे पुटपुटले.

न्हाणीचं दार वाजलं. ओले केस पुसत केतकीनं विचारलं, "आई, झाले का ब्रश?"

हे माझ्याकडे बघू लागले. आता बोलायला मी मोकळी होते.