डबीतले दोन दात

डॉ. ऋजुतांनी नुसत्या दोन बोटांनी कृष्णरावांचा खालचा दात हलवून दाखवला. मग हिरडी दाबली, तसा दाताच्या कडेने पिवळा पू वर आला. शोभनाने मान फिरवली नाही. तीस वर्षं या माणसाच्या हाताखाली काढल्यावर पू बघून काय शिसारी येणार?

"हा पायरिया आहे, काका. आणि आजकालचा नाही. एक्स-रे बघा, दातांखालचं हाड किती झिजलंय. आठ-दहा वर्षं तर नक्की झाली असतील. ब्रश करताना हिरड्यांतून खून येत होता?"

"येत होता ना," शोभनाच बोलली. "उशीवर पण लागायचा. मी कितीदा बोलली यांना, एकदा दाखवून तर या. तर म्हणे, खराब खून आहे, निघू दे."

असं बोलल्याबद्दल तिला त्या वेळी पितळी तांब्या मिळाला होता, भुवईवर. ते तिने सांगितलं नाही.

"आणि वरचे हे दोन? हे कधी पडले?"

"मुलाने पाडले," कृष्णराव म्हणाले, आणि जरा अभिमानानेच म्हणाले.

ते खोटं नव्हतं. बारा दिवसांपूर्वी ते शोभनाला पट्ट्याने झोडपत होते, तेव्हा विपुल मध्ये पडला आणि त्याने बापाच्या तोंडावर एक ठोसा मारला. जन्मातला पहिलाच. दोन दात फरशीवर पडले आणि ते बघून सव्वीस वर्षांचा तो पोरगा ढसाढसा रडायला लागला. कृष्णराव मात्र पक्के. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, एवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्यभर घरातल्या घरात लढाया जिंकल्या होत्या, ही लढाई बरी हरतील! त्यांनी दात धुतले, कुंकवाच्या डबीत घातले आणि डबी देवघरात ठेवली. रोज सकाळी अंघोळ झाली की विपुलने डबी उघडायची, दात बघायचे, मग बापाच्या पाया पडायचं. पुण्याची नोकरी आली होती, येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. विपुल म्हणाला, आता कुठल्या तोंडाने जाऊ?

डॉ. ऋजुता हसल्या. "मुलाला कशाला दोष देता, काका? यांना हाडच उरलं नव्हतं. जोरात खोकला असता तरी पडले असते."

कृष्णरावांनी शोभनाचं मनगट धरलं. डोळे तिच्यावर, पण बोलले डॉक्टरांशी.

"हे बाहेर नाही बोलायचं. मुलगा बाहेर बसलाय. त्याला यातलं काहीएक कळायला नको, समझीं?"

पकड आवळली. दोन बांगड्या फुटल्या आणि काच कातडीत शिरली.

"काका, हात सोडा त्यांचा."

"बायको आहे माझी."

"माझ्या क्लिनिकमध्ये सोडा," डॉ. ऋजुता म्हणाल्या. त्यांच्या हातात इंजेक्शन तयार होतं. सुई बघून कृष्णरावांनी मुकाट्याने दोन्ही हात पोटावर घेतले.

अर्धा जबडा बधिर झाला. हिरडीखालची वर्षानुवर्षांची घाण खरवडून निघू लागली. नळीतून लाल पाणी जात होतं. शोभना दहा मिनिटं बघत उभी राहिली. मग तिने टेबलावरचा एक्स-रे उचलला आणि दार उघडून बाहेर गेली.

बाहेर कोचिंग क्लासची दोन-तीन मुलं मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसली होती. विपुल कोपऱ्यात होता. तिने एक्स-रे त्याच्या मांडीवर टाकला.

"ते दात तुझ्याने नाही पडले रे. दहा वर्षांपासून सडून राहिले होते. डॉक्टर बोलली. विचारून घे."

विपुल एक्स-रेकडे बघतच राहिला. तेवढ्यात दार भिंतीवर आपटलं. गळ्यात निळा कागदी रुमाल, हनुवटीवर रक्त, अशा थाटात कृष्णराव बाहेर आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर शोभनाच्या कानाखाली वाजवली. ती रिसेप्शनच्या टेबलावर आदळली. कृष्णराव ओरडले, पण बधिर ओठांतून एक शब्द धड निघेना. नुसती लाल लाळ शर्टावर गळत राहिली.

विपुल मूठ वळून उठला.

"विपुल, बस!" शोभना म्हणाली. "हात नको खराब करू. पुण्याला फोन लाव. सांग, सोमवारी येतो म्हणून."

"आणि तू इथे? यांच्याजवळ?"

मनगटातून रक्त येत होतं, ते तिने पदराने दाबून धरलं. टेबलामागची मुलगी घाबरून हातातलं कार्ड पुढे-मागे करत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती बोलली.

"आंटी, दुसऱ्या बाजूची सफाई पुढच्या गुरुवारी आहे. काकांच्या सोबत कोणाचं नाव लिहू?"

शोभनाने कार्ड घेतलं आणि नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात नीट सरकवलं.

"कोणाचंच नको," ती म्हणाली. "हे एकटे येतील."