संघमित्राचा फॉर्म

"मास्तर, आता काय राह्यलं?" देवाजीने दारातूनच विचारलं.

राजदीप मास्तरने मोटरसायकल स्टँडवर लावली, "जय भीम, काकाजी" म्हटलं आणि चपला काढल्या. तो दुर्ग जिल्ह्यातल्या रुआबांध्याच्या सरकारी शाळेत शिकवायचा, आणि त्या भागातल्या मतदार यादीचं कामही त्याच्याकडेच होतं. देवाजीच्या घरी ही त्याची सहावी खेप.

"फोटो," तो खाली पाहत म्हणाला. "संघमित्रा मॅडमनं सांगतलं असंन ना?"

सांगितलं होतं. सकाळीच मस्कतहून संघमित्राचा फोन आला होता. "बाबा, फॉर्म पुन्हा अडला. फोटोत कान दिसून नाही राह्यले म्हणते. मास्तरले बोलवा, मी त्यायच्याशी बोलते."

"मत काय कानानं देते का?" देवाजी आता मास्तरवर कडाडला. पण फोन लावून त्याच्या हातात दिला. घरात आवाज तुटतो म्हणून मास्तर नेहमीप्रमाणे मागच्या अंगणात गेला. वीस मिनिटांनी परतला तेव्हा त्याचा चेहरा फार गंभीर होता.

"आता होऊन जाईन, काकाजी."

"मागच्या खेपेलेही हेच म्हटलं होतं. उद्या मीच दुर्गले जातो, कलेक्टर ऑफिसात."

"नका जाऊ!" मास्तर इतक्या घाईने म्हणाला की अर्धा चहा बशीत सांडला. "उन्हाचे कुठं जाता? मी पाहतो ना."

देवाजीने चौतीस वर्षं पोलादाच्या प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये काढली होती. त्याची माय भंडाऱ्याकडून आली ती डोक्यावर विटा वाहायला, प्लांट बांधला जात होता तेव्हा. मतदानाच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि म्हणायची, "आज साहेब आन् मी एकाच रांगेत." देवाजीने आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं.

संघमित्रा मात्र नऊ वर्षं मस्कतच्या दवाखान्यात नर्स होती. इथल्या यादीतून तिचं नाव कधीच गेलं होतं. पासपोर्ट भारताचा, म्हणजे हक्क शाबूत. परदेशातल्यांसाठी फॉर्म वेगळा असतो, तो भरला की पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव लागतं. फक्त मत द्यायला इथं यावं लागतं. जानेवारीत तीच म्हणाली होती, "नाव लागलं त येईन, बाबा." चार वर्षांत ती घरी आली नव्हती. देवाजीने कंबर कसली.

त्याची बायको कांता कपाळाला हात लावायची. "पोट्टी चौतीसची झाली. तिले पाहाले कोणी येऊन नाही राह्यलं, अन् तुमी त्या मास्तरलेच बोलावून राह्यले."

"अवो, लगन कधीही होईन. इलेक्शन पाच वर्षांनी येते!"

सातव्या खेपेला आडनावाचं स्पेलिंग निघालं. आठव्या खेपेला व्हिसाचं पान पुसट होतं. मास्तर यायचा, फोन घेऊन अंगणात जायचा. जाताना कांताच्या हातची भाकर खाऊन जायचा. देवाजी मनातल्या मनात सगळ्या सरकारी खात्यांचा उद्धार करायचा.

शेवटी एका सकाळी त्याने खरोखरच बूट घातले. "मी दुर्गले चाललो," त्याने मुलीला फोनवर सांगितलं. तासाभरात तिचाच उलटा फोन आला. "बाबा, झालं! नाव लागलं!"

"पाह्यलं?" देवाजी कांताला म्हणाला. "बुटाचा आवाज आयकला की सरकार हालते."

मतदानाच्या आदल्या दिवशी संघमित्रा आली. रायपूर विमानतळावर कांताने तिला असं कवटाळलं की मागच्या लोकांची वाट अडली. दुसऱ्या सकाळी तिघं सातच्या आत रांगेत उभे होते. देवाजीने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, आणि पुढच्यामागच्या सगळ्यांना सांगून झालं होतं.

केंद्रावरच्या साहेबाने पासपोर्ट उलटून पाहिला. "मस्कत से सिर्फ वोट डालने आई हैं?"

"हाँ, सर," संघमित्रा म्हणाली आणि हसू दाबत खाली बघू लागली.

साहेब उठून उभा राहिला. "बहुत अच्छा, बेटी." मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. देवाजीला समोरचं दिसेना. बाहेर आल्यावर त्याने लेकीचं शाईचं बोट धरलं आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवलं. घरी जाताना दोन किलो जिलेबी घेतली. गल्लीत एक घर सोडलं नाही.

संध्याकाळी पुन्हा मोटरसायकल वाजली. या वेळी मास्तरच्या मागे त्याची आई अन्नपूर्णाबाई होत्या, आणि हातात मिठाईचा डबा.

"मास्तर, आता कावून?" देवाजी चकित झाला. "मत त पडलं!"

अन्नपूर्णाबाई हसल्या. "भाऊ, त्या कामाले नाही आलो. तुमची संघमित्रा आमाले पसंत आहे. पोराले त फारच. मागणं घालाले आलो."

कांताचा हात तोंडावर गेला. देवाजीने लेकीकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, कानापर्यंत लाल झालेली.

"तुले चालते?"

"हो, बाबा."

देवाजीच्या छातीत काहीतरी आनंदाने उसळलं. पण माणूस हिशोबी कामगार होता, मिलमध्ये तपासल्याशिवाय त्याने कधी माल पुढे जाऊ दिला नव्हता. तो घसा खाकरून बसला.

"बाई, पोरगा सुशील आहे, नोकरीचा आहे. पण खरं बोलतो, राग मानू नका. एक साधा फॉर्म. त्याले साडेतीन महिने लागले, आठ खेपा झाल्या! अशा माणसाच्या हातात मी पोरगी कशी देऊ?"

अन्नपूर्णाबाईंनी पोराकडे पाहिलं. पोराने संघमित्राकडे पाहिलं. तिने डोळे मिटून मान हलवली, सांगून टाका म्हणून.

"काकाजी," राजदीप मास्तर हळूच म्हणाला, "फॉर्म त पह्यल्याच हप्त्यात पास झाला होता. संघमित्राले मेसेजही त्याच दिवशी गेला होता."