मेनूतला 'सोडा'

मेनूत दोनच शब्द होते, 'चालवा' आणि 'सोडा'. 'चालवा' म्हणजे प्रोग्राम आपल्याच मशीनवर चालवून बघा. 'सोडा' म्हणजे तो ग्राहकांकडे पाठवा. पण साधा माणूस 'सोडा' वाचतो तेव्हा त्याला वाटतं, राहू दे, बाहेर पडा. टेस्टिंग करणाऱ्या ताईंनाही तसंच वाटलं. त्यांनी बाहेर पडायला म्हणून ते दाबलं आणि अर्धवट प्रोग्राम सगळ्या ग्राहकांच्या गळ्यात पडला.

शिव्या मात्र मी खाल्ल्या. कुठल्या शहाण्याने ठेवला होता हा शब्द, देव जाणे. तणतणत मी तो काढला आणि लिहिलं, 'ग्राहकांकडे पाठवा'.

दुपारी मेनू उघडला तर खाली तिसरी ओळ होती: 'मला सोडा'.

माझं डोकंच फिरलं. सगळा कोड धुंडाळला. त्यात ते शब्द कुठेच नव्हते.

"कोणाचा चावटपणा आहे हा?" मी ओरडलो. सगळे माना खाली घालून बसले.

"बघतोच तुला," म्हणत मी ती ओळ दाबली. ती नाहीशी झाली, बाकी काहीच झालं नाही.

"दादा, चिडू नका," शेजारच्या टेबलावरून ताई म्हणाल्या. "आता नावं कशी स्पष्ट झालीत. माझ्या मेनूतली ही शेवटची ओळपण तुम्हीच लिहिलीत ना? 'दादांना सोडू नका.' मला गंमत वाटली, मी दाबलीसुद्धा."

मी माऊसवरचा हात काढायला बघत होतो, आणि तो निघत नव्हता.